कॅम्परचा शॉवर मध्येच चटके देतो, मध्येच गार पडतो: उपाय सुचवा

लळिंग_धुळे
राम राम मंडळी. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅम्परच्या शॉवरबद्दल मदत हवी आहे. मांडणी अशी: मागच्या बाकाखाली ९० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्राम पंप (मिनिटाला ११ लिटर, ५५ पीएसआय दाबाला आपोआप बंद होणारा), पुढे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. टीचा एक फाटा थंड म्हणून सरळ मिक्सरला (गरम-थंड मिसळणारा नळ), दुसरा ६ लिटरच्या गॅस गिझरमधून मिक्सरला. गिझर बाहेरून उघडणाऱ्या कपाटात आहे. हँड शॉवर, त्याच्या दांड्यावर बंद-चालू बटण, पाणी कमी जावं म्हणून बारीक भोकांचा.
लक्षण: आठ-दहा सेकंद कडक पाणी, मग तेवढाच वेळ गार, परत कडक. थंडीत गिझर मधूनच विझतो. बटण दाबून साबण लावला आणि परत सोडलं की आधी उकळतं पाणी येतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि तिथून तोरणमाळ ठरलंय, त्याआधी हे नीट करायचंय. गिझर बदलून ८ लिटरचा घेऊ का?

तापीकाठ
लळिंगभाऊ, गिझर बदलू नका. मोठा गिझर लावला तर हा त्रास वाढेल.
साध्या गॅस गिझरला पाण्याचं तापमान कळत नाही. पाणी वाहतंय की नाही एवढंच कळतं, आणि वाहत असलं की तो ठरलेल्या शक्तीचा जाळ देतो. ६ लिटरचा म्हणून मिळतो तो साधारण साडेदहा किलोवॉटचा, म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा. हिशेब पाठ करून ठेवा: १ किलोवॉट जाळ मिनिटाला १ लिटर पाण्याचं तापमान १४.३ अंशांनी चढवतो. म्हणून किलोवॉट गुणिले १४.३, भागिले मिनिटाचे लिटर. ५ लिटर वाहत असेल तर ३० अंश वाढ. ३ लिटरवर आलं तर ५० अंश. टाकीतलं पाणी २० अंशाचं धरलं तर पहिल्या वेळी ५० चं पाणी, दुसऱ्या वेळी ७० चं. नळाला हात न लावता वीस अंशांचा फरक, फक्त प्रवाह बदलल्यामुळे.
आणि प्रवाह मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास आला की बहुतेक गिझरचा पाण्याचा डायफ्राम (पाण्याच्या दाबाने हलणारा रबरी पडदा) गॅस बंद करतो. तुमचं 'गार' ते तिथून येतं.
आता पंप. तो ५५ ला बंद होतो आणि साधारण ४० ला परत चालू होतो. बारीक भोकांच्या शॉवरमुळे पंप जेवढं ढकलतो तेवढं बाहेर जात नाही, म्हणून तो सारखा बंद-चालू होतो. प्रत्येक वेळी दाब खालीवर, त्याबरोबर प्रवाह खालीवर, त्याबरोबर तापमान. पंपाचा आवाज ऐका आणि हातावर पाणी घ्या. टकटक आणि चटका एकाच तालात असतील तर दुखणं पंपाकडे आहे.

केळीपट्टा_रावेर
वरच्या प्रतिसादाला जोडून एक गोष्ट, जी जवळपास प्रत्येकाची चुकते. गॅस गिझरचं पाणी कडक लागलं की आपण थंडाचा नळ उघडतो. शॉवरमधून एकूण पाणी तेवढंच बाहेर पडत असेल तर थंड मिसळून तापमान कमी होत नाही!
५ लिटर सगळं गिझरमधून गेलं तर ५० अंश. आता अर्धं थंड केलं: गिझरमधून अडीच लिटर, ते ६० अंशांनी चढून ८० चं झालं, त्यात अडीच लिटर २० चं मिसळलं, परत ५० च. जाळ तेवढाच, पाणी तेवढंच, म्हणजे उष्णता तेवढीच. फरक एवढाच की आता गिझर विझण्याच्या काठावर आहे आणि त्याच्या तांब्याच्या नळीत ८० चं पाणी आहे. तिथे एकतर जास्त तापल्याचा सेन्सर गॅस तोडतो, नाहीतर प्रवाह अपुरा पडून जाळ जातो.
म्हणून गिझर चालू असताना थंडाचा नळ पूर्ण बंद ठेवा आणि तापमान गॅसच्या बटणाने ठेवा. २० च्या पाण्याचं ४० करायला, ५ लिटर प्रवाहावर, ७ किलोवॉट पुरतात. गॅसचं बटण अर्ध्याच्या जरा वर, हिवाळा-उन्हाळा बटण हिवाळ्यावर. मग पाण्याच्या बटणाने बारीक फेरफार. एकदा जमलं की बटणांवर रंगाची खूण करून ठेवा.

लळिंग_धुळे
हा हिशेब कुणी सांगितला नव्हता. थंडाचा नळ बंद ठेवून पाहिलं, चटका कमी झाला, पण पंपाबरोबरचा चढउतार तसाच आहे. आता पंपाचं काय करू?

तापीकाठ
आधी मोजा. १० लिटरची बादली शॉवरने भरा, घड्याळ लावा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला ५ लिटर. तीन मिनिटं लागली तर शॉवर फार बारीक आहे, पहिला खर्च त्यावर करा. साडेचार ते पाच लिटरचा शॉवर घ्या. पाणी वाचवायला भोकं बारीक करू नका, अंघोळ पाच मिनिटांत उरका. पाच मिनिटांना २५ लिटर, ९० लिटरच्या टाकीत तीन अंघोळी होऊन भांड्यांना पाणी उरतं.
मग पंपाची वायर पाहा. असा पंप ७ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्यावर ०.८ व्होल्ट पडतात, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३. पंप चालू असताना त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. १२ च्या खाली दिसलं तर वायर बदला.
मग पंपाच्या पुढे, टीच्या आधी, डायफ्रामवाली दाबाची छोटी टाकी बसवा (आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा). टीच्या नंतर एका फाट्यावर बसवली तर दोन्ही फाट्यांचा दाब वेगळा हलतो. हवा भरायचा व्हॉल्व्ह गाडीच्या टायरसारखाच असतो, पंक्चरच्या दुकानातल्या गेजने भरता येतो. भरताना पंप बंद आणि नळ उघडा हवा, म्हणजे पाण्याचा दाब शून्य. हवा पंप ज्या दाबाला चालू होतो त्याच्या २ पीएसआय कमी भरायची. ४० ला चालू होत असेल तर ३८. अंदाजाने भरू नका, लाइनवर १०० पीएसआयचा साधा गेज कायमचा लावून ठेवा. हवा चुकीची भरली तर टाकी लावूनही फरक फार कमी पडतो.

सातपुडा_वाट
दाबाच्या टाकीबद्दल अपेक्षा नीट ठेवाव्यात. १ लिटरच्या टाकीतून ५५ ते ४० च्या दरम्यान खरं मिळणारं पाणी २०० मिलीच्या आसपास असतं. म्हणजे टकटक थांबून पंप सावकाश बंद-चालू होतो, पण दाब अजूनही ४० ते ५५ मध्ये फिरतच राहतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे सुमारे १७ टक्के फरक. ३० अंश वाढ असेल तर पाच अंशांचा हेलकावा शिल्लक. अंगाला तो चांगला जाणवतो.
यावर उपाय म्हणजे टाकीच्या नंतर, टीच्या आधी, अर्ध्या इंची प्रेशर रेग्युलेटर (पुढचा दाब ठरावीक ठेवणारा), ३० पीएसआयवर लावलेला. पंपाचा खालचा दाब ४० आहे, रेग्युलेटर त्याच्याही खाली आहे, म्हणून पलीकडे दाब हलत नाही. क्रम लक्षात ठेवा: टाकी, गाळणी, पंप, दाबाची टाकी, रेग्युलेटर, टी. ३० वर गिझरला दाब भरपूर होतो. मात्र बादलीची मोजणी परत करा, प्रवाह साडेचारच्या खाली गेला तर शॉवरची भोकं मोठी हवीत.
वेग आपोआप कमी-जास्त करणारा पंप मिळतो, तो टकटक मुळातच करत नाही. पण चालू पंप चांगला असताना तो घ्यायची गरज नाही.

पाटणादेवी_चाळीसगाव
दांड्यावरच्या बटणाकडे कुणी पाहिलं नाही अजून. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे आणि बटण बंद, ही सगळ्यात वाईट अवस्था. मिक्सरच्या पोटात गरम आणि थंड लाइन एकमेकींना जोडल्या जातात. मग गाडीत दुसरीकडे बेसिनचा नळ उघडला की थंड पाणी गरमच्या लाइनमध्ये किंवा गरम पाणी थंडाच्या लाइनमध्ये घुसतं. बेसिनच्या थंड नळाला कोमट पाणी येतं का पाहा, येत असेल तर हेच. बाहेर पाय धुवायचा शॉवर असेल तर त्याचेही दोन्ही नळ उघडे आणि फक्त बटण बंद असं असतं. तो तर मागच्या बाजूला असतो, कुणाच्या लक्षातही येत नाही.
मिक्सरच्या दोन्ही तोंडांना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने सोडणारा) बसवा. अर्ध्या इंची, स्प्रिंगवाला, पितळी. बाणाची दिशा मिक्सरकडे.
उकळत्या फवाऱ्याचं कारणही बटणच. पाणी थांबलं की जाळ जातो, पण तांब्याच्या नळीत आणि तिच्यावरच्या पातळ पत्र्यांत साठलेली उष्णता आतल्या थोड्या पाण्यात उतरते. परत सोडलं की आधी पाइपातलं नेहमीचं गरम, मग ते उकळतं, मग गिझर पेटेपर्यंत गेलेलं गार, मग नीट. म्हणून बटण सोडल्यावर फवारा आधी दोन-तीन सेकंद फरशीवर धरायचा, लहान मुलं असतील तर नक्कीच. गार घोट लांबत असेल तर गिझरचे दोन मोठे सेल बदला. सेल उतरले की ठिणगी उशिरा पडते.

यावलची_ताई
गिझर बाहेरच्या कपाटात आहे हे वाचून बरं वाटलं, तरीही लिहिते, कारण हा धागा वाचून कुणीतरी नवीन गाडी बांधेल.
ज्या गिझरचा धूर तो बसवलाय त्याच जागेत सुटतो, तो गाडीच्या आत कधीही बसवू नका. अंघोळीला बसायची जागा जेमतेम एक चौरस मीटर, दार बंद. ऑक्सिजन कमी पडला की जाळातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आधी शक्ती जाऊन खाली बसतो, दार उघडायचं भान राहत नाही. घरच्या बाथरूममध्येही यानेच माणसं दगावतात, गाडीत तर हवा त्याहून कमी. कपाट आतून गाडीपासून पूर्ण बंद हवं, पाइप जातात त्या भोकांतही सीलंट हवं, दार बाहेर उघडणारं, वर आणि खाली जाळी. खालची जाळी विसरू नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. झोपायच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.
गॅस जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस. रबरी नळी मार्क असलेली सुरक्षा नळीच, आणि पाच वर्षं झाली की बदलायची.

लळिंग_धुळे
ताई, पाइपांची भोकं आजच तपासतो. अजून एक. गिझर दोन वर्षांत हळूहळू कमी तापवायला लागलाय आणि आतून खडखड आवाज येतो. पाणी बहुतेक बोअरचं भरलं जातं.

केळीपट्टा_रावेर
तो क्षार. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर बसतो तोच गिझरच्या तांब्याच्या नळीत बसतो. थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, नळीच्या कडेला पाणी उकळून बुडबुडे फुटतात, तो खडखडाट. प्रवाहही घटतो, आणि घटलेल्या प्रवाहाचं काय होतं ते वर आलंच आहे.
गॅस बंद, सेल काढा, पाणी उतरवा. ५ लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. गिझरच्या दोन तोंडांना नळ्या लावून बादलीतून छोट्या पंपाने अर्धा-पाऊण तास फिरवा. बुडबुडे यायचे थांबले की झालं. मग चांगल्या पाण्याने दहा मिनिटं धुवा. शॉवरचं डोकं त्याच बादलीत बुडवा.
एक कळकळीची सूचना. ठिबकच्या नळ्या साफ करायला आपण जे हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतो, ते इथे चालत नाही. ते प्लॅस्टिकच्या नळीला ठीक, पण तांबं आणि पितळ खातं, गिझरची नळी पातळ होऊन फुटते. ठिबकवाल्यांकडून घ्यायचीच तर गाळणी घ्या. टाकी भरताना १२० मेशची स्क्रीन गाळणी लावली की गाळ टाकीतच येत नाही. गिझरच्या पाण्याच्या तोंडातही छोटी जाळी असते, ती काढून ब्रशने धुवा. तिला अर्धा चमचा वाळू पुरते आणि गिझर पेटत नाही.

भुसावळ_जंक्शन
आमच्याकडे प्रश्न उलटा असतो. मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा, टाकीतलं पाणी संध्याकाळी ३८-४०. 'थंड' नळालाच गरम पाणी. त्यात गिझर उन्हाळ्याच्या बटणावर, सगळ्यात बारीक जाळावर पेटवला तरी ४ किलोवॉट धरा, ५ लिटरवर ११ अंश चढतात. म्हणजे ४९-५१. अंगावर घेता येत नाही. एप्रिल ते जून गिझर बंद हेच उत्तर, पण पाणी त्यातूनच जात असेल तर गॅसचा कॉक सिलेंडरपाशी बंद करा, फक्त बटणावर विसंबू नका.
टाकी थंड ठेवायची तर तिला २५ मिलिमीटर नायट्राइल फोमचं आवरण सगळीकडून, तळालाही. सायलेन्सर टाकीजवळून जात असेल तर मध्ये हवेची फट सोडून पत्रा. छतावरून जाणारा पाइप कितीही सोयीचा वाटला तरी तो खालून न्या. आणि पाणी पहाटे भरा, तेही शक्यतो विहिरीचं. छतावरच्या काळ्या टाकीतून दुपारी भरलेलं पाणी रात्रीपर्यंत निवत नाही.

सातपुडा_वाट
तोरणमाळसाठी तीन गोष्टी. उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, डिसेंबरात पहाटे टाकीतलं पाणी १० अंशापर्यंत उतरतं. १० चं ४० करायचं म्हणजे ३० अंश, पूर्ण जाळावर प्रवाह ५ लिटर. त्याहून जास्त सोडलं तर कोमटच येणार, तो गिझरचा दोष नाही.
दुसरं, सिलेंडर. पूर्ण जाळावर गिझर ताशी एक किलोच्या जवळ गॅस खातो, पाच मिनिटांना ८० ग्रॅम. आपल्या सिलेंडरमध्ये ब्यूटेन असतं, ते उणे अर्ध्या अंशाला उकळतं, म्हणून गारठ्यात त्याची वाफ सावकाश बनते. ५ किलोचा छोटा सिलेंडर, त्यात अर्ध्याहून कमी गॅस, आणि पाठोपाठ तीन अंघोळी: तिसऱ्याला जाळ मरतो. सिलेंडर भरलेला न्या, दोन अंघोळींत वेळ सोडा. त्याला आच किंवा उकळतं पाणी कधीही लावू नका.
तिसरं, वारा. यशवंत तलावाच्या मोकळ्या बाजूला गाडी लावली तर कपाटाच्या जाळीतून वारा शिरून जाळ विझतो. जाळीची बाजू वाऱ्याच्या आडोशाला करून गाडी लावा. आणि गाडी सपाटीवर हवी, नाहीतर अर्ध्या टाकीतच पंप हवा ओढतो, पाणी फडफडत येतं आणि गिझर विझतो.

पाटणादेवी_चाळीसगाव
ज्यांना गॅस नकोच त्यांच्यासाठी साठवणीचा विजेचा गिझर, १० लिटरचा. १० लिटर पाणी २० चं ६० करायला ०.४७ युनिट वीज लागते. २ किलोवॉटवर १४ मिनिटं. शेतावर किंवा ढाब्यावर वीज घेणार असाल तर १६ अँपिअरचा सॉकेट हवा. गावाकडे १८० व्होल्टच मिळाले तर २ किलोवॉटचे सव्वा होतात आणि तेच पाणी तापायला २३ मिनिटं लागतात. इन्व्हर्टरवर चालवायचं तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १९० अँपिअरच्या वर ओढलं जातं. तिथे ७५० वॉटची कॉइल बरी: ३७ मिनिटं लागतात, बॅटरीतून ४५ अँपिअर-तासांच्या आत काम होतं.
या गिझरला मात्र मिक्सर आणि थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-थंड आपोआप मिसळून ठरलेलं तापमान राखणारा) दोन्ही चालतात, कारण आत ६० चं तयार पाणी आहे. १० लिटर ६० चं आणि तेवढंच २० चं मिळून ४० चं २० लिटर, हे कागदावर. प्रत्यक्षात आत येणारं गार पाणी मिसळत जातं, १५-१६ धरा. पाणी तापताना दीड टक्का फुगतं, १० लिटरला १५० मिली. लाइनमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल आणि दाबाची टाकी नसेल तर तो फुगवटा सेफ्टी व्हॉल्व्हमधून टपटपतो. ते टपटपणं बंद करायला व्हॉल्व्हचं तोंड बुजवू नका.
इंजिनाच्या कूलंटवर पाणी तापवणारी टाकी असेल तर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह सक्तीचाच. धुळ्याहून जळगावपर्यंत गाडी चालली की टाकीत ८० चं पाणी असू शकतं.

लळिंग_धुळे
तो थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह माझ्या गॅस गिझरला लावला तर? आणि दाबाची टाकी, रेग्युलेटर, नॉन-रिटर्न सगळं एकदम बसवू की एकेक?

तापीकाठ
गॅस गिझरला तो लावू नका. पाणी गरम वाटलं की तो गरमची बाजू आवळतो, गिझरमधला प्रवाह घटतो, पाणी अजून तापतं, तो अजून आवळतो, शेवटी जाळ विझतो. तापमान स्वतः सांभाळणारे गिझर वेगळे असतात, त्यांना तो लागतही नाही.
सामान एकेक बसवा, मध्ये मोजा. आधी क्षार काढा आणि शॉवर बदला, कारण ते स्वस्त आहे. मग नॉन-रिटर्न. मग दाबाची टाकी आणि गेज. रेग्युलेटर सगळ्यात शेवटी. पाइप पेक्सचे (लवचिक प्लॅस्टिकचे) किंवा विणलेल्या जाळीच्या नळीचे घ्या, सीपीव्हीसीचा कडक प्लॅस्टिक पाइप घाटातल्या हादऱ्यांनी सांध्यात तडकतो. प्रत्येक टप्प्याला शॉवरखाली मग धरून त्यात स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर ठेवा, पहिलं अर्धं मिनिट सोडून पुढची तीन मिनिटं दर दहा सेकंदांनी आकडा लिहा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यात दोन अंशांच्या आत फरक आला की तिथेच थांबा, पुढचा भाग विकत घेऊ नका. आले ते आकडे इथे टाका, बादलीच्या वेळेसकट.